मूत्रपिंडांतील गांठ आणि सुईचें टोंक

मूत्रपिंडांत गांठ आहे असें कळलें, कीं घरांतील मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो एकच : तें मूत्रपिंड केव्हां काढावयाचें? गांठ केवढी आहे, कोठें आहे, कोणत्या जातीची आहे, हे प्रश्न मागाहून येतात. कित्येकदां येतहि नाहींत. या घाईमागें भीति असते, आणि ती अगदींच निष्कारण आहे असें मी म्हणणार नाहीं. कर्करोग या शब्दाचा धाकच तसा आहे. परंतु गेल्या तीस वर्षांत या प्रश्नाचें उत्तर पुष्कळ पालटलें आहे. गांठ लहान असेल तर मूत्रपिंड जागच्या जागीं ठेवून आंतील गांठ तेवढी मारतां येते, आणि तीहि पोट न फाडतां, पाठींतून घातलेल्या सुईच्या टोंकानें. सुई आंत कोठें पोंचली हें वैद्याच्या डोळ्यांना दिसत नाहीं. तें यंत्रानें काढलेल्या चित्रांत पाहावें लागतें. या उपचाराची ओळख करून देणें हा आजच्या भाषणाचा हेतु आहे. त्या चित्रावर कोठवर विसंबावें, हेंहि त्याबरोबर सांगावयाचें आहे. कारण साऱ्या उपचाराचें मर्म मला त्यांतच दिसतें.

पूर्वीं ही गांठ स्वतःच आपली वर्दी देई. लघवींतून रक्त जाणें, कुशींत दुखणें आणि हाताला लागेल असा गोळा, अशा तीन खुणा वैद्यकाच्या ग्रंथांत एकत्र सांगितलेल्या असत; आणि तिन्ही एकत्र दिसल्या म्हणजे रोग बराच पुढें गेला असें समजावें. आतां बहुतेक लहान गांठी अशा रीतीनें उघडकीस येत नाहींत. पित्ताशयांतील खड्यांसाठीं नाहीं तर साध्या पोटदुखीसाठीं सोनोग्राफी होते, आणि तपासणाराला मूत्रपिंडाच्या कडेला सुपारीएवढी किंवा लिंबाएवढी गांठ दिसते. रोग्याला तिचा कांहीं एक त्रास नसतो. तो आलेला असतो वेगळ्याच कामासाठीं, आणि घरीं जातो तो ही चिंता बरोबर घेऊन.

अशा सगळ्याच गांठी कर्करोगाच्या नसतात, हें येथेंच सांगून टाकतों. चार सेंटिमीटरांहून लहान अशा भरीव गांठींपैकीं सुमारें पांचांत एक निरुपद्रवी निघते. उरलेल्यांपैकींहि पुष्कळ गांठी वर्षाला कांहीं मिलिमीटर इतक्याच वाढतात. म्हणजे विचार करण्यास सवड असते. चार दिवसांत निर्णय झाला नाहीं तर अनर्थ होईल, अशी परिस्थिति लहान गांठीच्या बाबतींत सहसा नसते.

आतां, मूत्रपिंड वांचविण्यासाठीं एवढी धडपड कां करावयाची, तें पाहूं. एकेक मूत्रपिंड सुमारें अकरा सेंटिमीटर लांब आणि वजनानें दीडशें ग्रॅमांच्या आसपास. परंतु हृदयांतून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पांचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला लिटरभर किंवा त्याहून थोडें अधिक रक्त, या दोन लहानशा पिंडांतून वाहत असतें. प्रत्येकांत सुमारें दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात, आणि त्यांतील नष्ट झालेली गाळणी पुन्हा उगवत नाहीं. जन्मतः मिळालेलें भांडवल आयुष्यभर खर्चावयाचें, असा हा व्यवहार आहे.

एका मूत्रपिंडावर माणूस जगतो हें तर खरेंच. १८६९ सालच्या ऑगस्ट महिन्यांत जर्मनींतील हायडेलबर्ग येथें गुस्ताव सायमन या शस्त्रवैद्यानें एका बाईचें एक मूत्रपिंड बुद्ध्या, योजनापूर्वक काढलें. तिला गांठ नव्हती. आधींच्या एका शस्त्रक्रियेंत तिची मूत्रवाहिनी दुखावली होती आणि लघवी भलत्याच वाटेनें झिरपत होती. एका मूत्रपिंडावर प्राणी तग धरतो कीं नाहीं, हें सायमननें अगोदर कुत्र्यांवर प्रयोग करून पाहिलें होतें. ती बाई बरी झाली, आणि शस्त्रवैद्यांना एक मोठाच धीर आला. पुढें १९६० नंतरच्या दशकांत कॅनडांतील टोरोंटो येथील चार्ल्स रॉब्सन यांनीं गांठ झालेलें मूत्रपिंड, त्याभोंवतालची चरबी व माथ्यावरची ग्रंथि हें सारें एकसंध काढण्याची पद्धति रूढ केली. दीर्घ काळपर्यंत हाच राजमार्ग होता, आणि मोठ्या गांठींना आजहि पुष्कळदां तिच्यावांचून गत्यंतर नसतें.

परंतु एक मूत्रपिंड पुरतें, हें वाक्य दुसरें निरोगी असेल तरच खरें. ज्याला ही गांठ होते तो बहुधा साठीच्या आसपासचा असतो; त्याला मधुमेह असतो, रक्तदाब असतो, आणि या दोन्ही व्याधी मूत्रपिंडाच्या गाळण्या हळूहळू खातच असतात. अशा माणसाचें एक मूत्रपिंड काढलें तर गांठ जाते खरी, पण कांहीं वर्षांनीं दुसरें मूत्रपिंड भार सोसेनासें होण्याचा संभव वाढतो. आठवड्यांतून दोनतीनदां रक्तशुद्धीच्या यंत्राला जोडून घेणें म्हणजे काय, हें ज्यांच्या घरांत घडलें आहे त्यांना निराळें सांगावयास नको. कांहींजणांना मुळांत एकच मूत्रपिंड असतें. कांहीं कुळांत तर, फोन हिप्पेल आणि लिंडाऊ या दोन वैद्यांच्या नांवानें ओळखला जाणारा एक आनुवंशिक विकार असतो. त्यांत दोन्ही मूत्रपिंडांत जन्मभर एकामागून एक गांठी होत राहतात. प्रत्येक गांठीला मूत्रपिंड काढूं म्हटलें तर दुसऱ्याच खेपेला काढण्याजोगें कांहीं उरणार नाहीं.

यावर शस्त्रवैद्यांनीं काढलेला तोडगा असा, कीं गांठ व तिच्या कडेचा थोडा भाग कापून घ्यावा आणि उरलेलें मूत्रपिंड शिवून टाकावें. लहान गांठीवर आज मुख्य उपाय मानला जातो तो हाच, आणि त्याच्या बाजूनें पुरावाहि सर्वांत भक्कम आहे. मग सुईची गरज कोठें लागते? जेथें रोग्याचें वय, हृदय किंवा फुप्फुसें मोठी शस्त्रक्रिया सोसणार नाहींत तेथें. जेथें एकदां चिरलेल्या मूत्रपिंडाला पुन्हा हात लावणें कठीण असतें तेथें. आणि अलीकडे, ज्यांना दोन्ही मार्ग मोकळे आहेत अशा कांहींजणांच्या बाबतींतहि, त्यांनीं समजून निवड केल्यास.

सुईच्या आधीं दृष्टि आली. १९७१ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या पहिल्या दिवशीं लंडन येथील अॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयांत गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें एका रोग्याच्या मेंदूचें चित्र काढलें. साध्या क्ष-किरणांच्या चित्रांत पुढचें आणि मागचें सारें एकावर एक पडतें. या यंत्रानें काकडीची चकती कापून पाहावी तसे शरीराचे आडवे थर एकेक करून पाहतां येऊं लागले. १९७९ सालीं हाउन्सफील्ड यांना अॅलन कॉर्मॅक यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें. याच यंत्राला आपण आज सीटी स्कॅन म्हणतों. थरांचें चित्र मिळालें म्हणजे त्वचेपासून गांठ किती खोल आहे, वाटेंत कोणती बरगडी आहे, कोणतें आंतडें आहे, हें मिलिमीटरांत मोजतां येतें. जेथें मोजतां येतें तेथें सुई नेतां येते.

प्रत्यक्ष उपचार असा होतो. रोग्याला यंत्राच्या फळीवर पालथें किंवा कुशीवर निजवितात, कारण मूत्रपिंड पाठीच्या बाजूला असतें आणि मागून वाट जवळची पडते. भूल पूर्ण देतात किंवा गुंगीचें औषध देऊन जागा तेवढी बधिर करतात. सुई थोडी आंत सरकवावयाची, चित्र घ्यावयाचें, दिशा सुधारावयाची, पुन्हा सरकवावयाची. मूत्रपिंड श्वासाबरोबर कित्येक सेंटिमीटर वरखालीं होत असतें. म्हणून सुई पुढें जाते ती श्वास रोखला असतां, आणि दर वेळीं तो सारख्याच ठिकाणीं रोखला गेला पाहिजे. उपचारापूर्वीं किंवा त्याच बैठकींत गांठीचा लहानसा तुकडा सुईनें काढून तपासावयास पाठवितात. ही बायॉप्सी टाळूं नये, असें माझें मत आहे. एकदां गांठ जाळली किंवा गोठवली म्हणजे ती काय होती हें मागाहून नीट कळत नाहीं, आणि नुसत्या संशयावर रोग्यानें जन्मभर कर्करोगी म्हणून वावरावें हें बरें नव्हे.

गांठ मारण्याचे मुख्य प्रकार दोन : एक उष्णतेचा, दुसरा थंडीचा.

उष्णतेच्या प्रकारांत सुईच्या टोंकांतून विजेचा प्रवाह सोडतात. धक्का कां बसत नाहीं, असें कोणीहि विचारील. घरांतील वीज सेकंदाला पन्नास फेऱ्या करते. ही वीज त्याच वेळांत सुमारें पांच लक्ष फेऱ्या करते. इतक्या शीघ्र प्रवाहाला स्नायू व मज्जातंतु दाद देत नाहींत, हें फ्रान्समधील आर्सेन दार्सोंव्हाल यांनीं १८९१ च्या सुमारासच दाखवून दिलें होतें. सुई तापवून टोंचतात असेंहि नव्हे. सुईभोंवतालच्या पेशींतील विद्युत्कण या प्रवाहाबरोबर मागेंपुढें हिंदकळतात आणि त्या घर्षणानें मांस स्वतःच तापतें. साठ अंशांच्या वर पेशी जवळजवळ तत्क्षणीं मरते. पन्नास अंशांवर तिला कांहीं मिनिटें लागतात. मग शंभराच्या पुढें नेऊन लवकर उरकावें कीं काय? येथेंच गंमत आहे. जाळ फार झाला तर भाकरी वरून करपते आणि आंत कच्ची राहते. तसेंच येथें होतें : टोंकाजवळचें मांस कोळशासारखें होतें, वाफ धरते, त्यांतून वीज पुढें जात नाहीं, आणि गांठीची कड जिवंत राहते. म्हणून आंच बेतानें आणि सावकाश द्यावी लागते. शिवाय मिनिटाला लिटरभर वाहणारें तें रक्त, ज्याचा उल्लेख मघाशीं केला, येथें आडवें येतें. मोठ्या रक्तवाहिनीला लागून असलेली गांठ तापवूं लागलें, कीं रक्त ती उष्णता वाहून नेतें. म्हणून मूत्रपिंडाच्या बाहेरच्या कडेवरची गांठ या उपचाराला सोयीची, आणि मध्यावरची, जेथें रक्तवाहिन्या शिरतात तेथली, अडचणीची. सूक्ष्मलहरींनीं तापविण्याची नवी पद्धति या बाबतींत कांहींशी सरस ठरते, परंतु तिचा पल्ला मोठा असल्यामुळें हातहि अधिक जपून चालवावा लागतो.

थंडीचा प्रकार मला अधिक मनोवेधक वाटतो. तो दिसावयास अगदीं आधुनिक, पण मूळ जुनें आहे. इंग्लंडांतील ब्रायटनचे जेम्स आर्नॉट हे डॉक्टर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बर्फांत मीठ घालून त्या मिश्रणानें शरीराच्या वरच्या भागांतील अर्बुदें गोठवीत असत. आइस्क्रीमच्या पॉटांत आपण बर्फावर मीठ घालतों तें ज्या कारणासाठीं, त्याच कारणासाठीं. त्यांतून शून्याखालीं वीसएक अंशांपर्यंत जातां येई. आजच्या सुईंत दाबाखालील आर्गॉन वायु सोडतात. तो बारीक छिद्रांतून एकदम मोकळा झाला म्हणजे थंड होतो, आणि सुईचें टोंक शून्याखालीं शंभर अंशांच्याहि बरेंच पलीकडे जातें. भोंवतालीं बर्फाचा गोळा धरूं लागतो. सुमारें दहा मिनिटें गोठवावयाचें, वितळूं द्यावयाचें, आणि पुन्हा गोठवावयाचें. दोनदां कां? गोठतांना पेशींत बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशींतील पाणी शोषलें जातें, वितळतांना तिचीं आवरणें फुटतात, आणि बारीक रक्तवाहिन्या गुठळ्यांनीं बंद पडतात. पहिल्या फेरींतून जें वांचलें तें दुसरींत वांचूं नये म्हणून.

या बर्फाच्या गोळ्याचा मोठा गुण असा, कीं तो चित्रांत स्पष्ट दिसतो. सीटीच्या पडद्यावर करड्या मूत्रपिंडांत एक काळसर, रेखीव गोळा वाढतांना पाहतां येतो. उष्णतेच्या उपचारांत कड अशी ठळक दिसत नाहीं. तेथें काम संपल्यावर शिरेंतून रंगद्रव्य देऊन निराळें पाहावें लागतें. परंतु याच गुणांत एक फसगतहि दडलेली आहे. गोळ्याची जी कड दिसते, ती शून्य अंशाची कड. शून्य अंशाला पाणी गोठतें, पेशी मरतेच असें नाहीं. खात्रीनें मारावयास वीस अंश, आणि कर्करोगाच्या पेशींसाठीं शक्य तर चाळीस अंश, शून्याच्या खालीं जावें लागतें. ती मरणाची कड दिसणाऱ्या कडेच्या आंत कांहीं मिलिमीटर असते, आणि ती डोळ्यांना दिसत नाहीं. म्हणून गांठ बर्फांत बुडलेली दिसली एवढ्यावर समाधान मानलें तर तिची बाहेरची साल जिवंत राहील, आणि वर्षा दोन वर्षांनीं तीच पुन्हा वाढेल. गोळा गांठीच्या पलीकडे सर्व बाजूंनीं निदान पांच मिलिमीटर गेला पाहिजे, असा नियम आहे तो यासाठीं. गांठ मोठी असेल तर एका सुईनें भागत नाहीं. दोन, तीन किंवा अधिक सुया अशा बेतानें रोवतात, कीं त्यांचे गोळे एकमेकांत मिसळावे आणि मध्यें जिवंत फट राहूं नये.

पण गोळा वाढवावयाचा म्हटलें कीं शेजाऱ्यांचा प्रश्न येतो. मूत्रपिंडाला लागून मोठें आंतडें असतें, मूत्रवाहिनी असते, पाठीच्या स्नायूंवरून जाणाऱ्या मज्जा असतात. आंतड्याला चटका किंवा गारठा बसला तर तें फुटूं शकतें. यावरची युक्ति मोठी साधी आहे : एका बारीक सुईनें मूत्रपिंड आणि आंतडें यांच्या मध्यें पाणी सोडावयाचें, म्हणजे आंतडें बाजूला सरकतें. मात्र विजेचा उपचार असेल तर हें पाणी मिठाचें चालत नाहीं, कारण खाऱ्या पाण्यांतून वीज वाहते. तेथें साखरेचें, म्हणजे ग्लुकोजचें, पाणी वापरतात. वीज जपून वाहावी एवढ्यासाठीं सलाइनची बाटली बदलणें ही गोष्ट ऐकावयास क्षुल्लक आहे, पण रोग्याचें आंतडें तिच्यावर अवलंबून असतें. मूत्रवाहिनी जवळ असेल तर तिच्यांत नळी घालून, उपचार उष्णतेचा असल्यास, आंतून थंड पाणी खेळवीत ठेवतात.

त्वचेंतून सुई घालून मूत्रपिंडांतील गांठ गोठविण्याचा अनुभव जपानमधील उचिदा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९५ सालीं प्रसिद्ध केला, आणि चित्राच्या साह्यानें विजेच्या सुईनें ती जाळल्याचें अमेरिकेंतील बोस्टन येथील मॅकगव्हर्न यांच्या मंडळीनें १९९९ सालीं. आपल्याकडेहि मुंबईपुण्यासारख्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांत हे उपचार आतां होतात.

सुईखेरीज रक्तवाहिनीचाहि एक मार्ग आहे, त्याचा उल्लेख केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. १९५३ सालीं स्वीडनच्या स्वेन सेल्डिंगर यांनीं सुईतून तार, आणि सुई काढून तारेवरून नळी, असा धमनींत शिरण्याचा सोपा उपाय दाखविला. त्या वाटेनें जांघेंतून किंवा मनगटांतून बारीक नळी थेट मूत्रपिंडाच्या धमनीपर्यंत नेतां येते, आणि गांठीला रक्त पुरविणारी शाखा तेवढी बंद करतां येते. चरबी, स्नायू व रक्तवाहिन्या यांच्या मिश्रणानें झालेली एक निरुपद्रवी गांठ असते; ती चार सेंटिमीटरांहून मोठी झाली तर आंतल्या आंत फुटून प्राणघातक रक्तस्राव होण्याची भीति असते. तेथें हा उपाय फार उपयोगी पडतो. कर्करोगाच्या गांठीवर मात्र एकट्या याच उपायानें सहसा भागत नाहीं. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वीं रक्तस्राव कमी व्हावा म्हणून, किंवा रक्त थांबविण्यासाठीं तो करतात.

आतां निवडीविषयीं. 'बिनटांक्याचें ऑपरेशन' असें या उपचाराचें वर्णन अलीकडे ऐकूं येतें, तें मला आवडत नाहीं. टांके पडत नाहींत हें खरें, रोगी बहुधा एक-दोन दिवसांत घरीं जातो हेंहि खरें. पण टांके पडले नाहींत म्हणून गांठ मेली असें होत नाहीं. तीन सेंटिमीटरांपर्यंतच्या गांठींत यश चांगलें येतें. चारच्या पुढें तें उतरत जातें. गांठीचा अंश मागें राहण्याचा संभव कापून काढण्यापेक्षां सुईच्या उपचारांत थोडा अधिक असतो. उलट, तसा अंश राहिलाच तर सुई पुन्हा घालतां येते, आणि लहान गांठींपुरतें पाहिलें तर कर्करोगानें मृत्यु येण्याच्या प्रमाणांत दोहोंत फारसें अंतर आढळलेलें नाहीं. रक्तस्राव होऊं शकतो, कुशींत कांहीं काळ बधिरपणा राहूं शकतो. आणि फार वृद्ध, अनेक व्याधींनीं जर्जर अशा माणसाच्या बाबतींत कांहींच न करतां दर सहा महिन्यांनीं वा वर्षानें चित्र काढून गांठीवर नजर ठेवणें हाहि पूर्ण शास्त्रीय मार्ग आहे. घरच्या मंडळींना तो हयगयीसारखा वाटतो; तो तसा नाहीं. गांठ दोन सेंटिमीटरांची, रोगी पंचाऐशींचा, हृदय दुबळें, अशा ठिकाणीं गांठीच्या आधीं दुसरेंच कांहीं त्याला नेण्याचा संभव अधिक असतो.

तेव्हां डॉक्टरांना विचारावयाचें तें हें : गांठ किती सेंटिमीटरांची आहे, कडेला आहे कीं मध्यावर, तुकडा तपासला का, आणि दुसऱ्या मूत्रपिंडाची शक्ति आज किती आहे. या चार उत्तरांवरून पुढचें बोलणें पुष्कळसें ठरतें.

उपचारानंतर एक गोष्ट रोग्याला हमखास घाबरविते. तीन ते सहा महिन्यांनीं पुन्हा सीटी किंवा एम. आर. आय. काढतात, आणि त्यांत गांठीच्या जागीं गांठ दिसतेच! सुईनें गांठ मारली जाते, उचलून बाहेर काढली जात नाहीं. मेलेला भाग व्रणासारखा तेथेंच राहतो आणि महिन्यांगणिक, कधीं वर्षांगणिक, आकसत जातो. पाहावयाचें असतें तें आकाराकडे नव्हे, तर शिरेंतून दिलेलें रंगद्रव्य त्या भागांत शिरतें कीं नाहीं याकडे. जिवंत गांठीला रक्त असतें, म्हणून ती उजळते. मेलेली काळीच राहते. कडेला एखादी चंद्रकोरीसारखी उजळ रेघ दिसली तर मात्र ती जिवंत साल असूं शकते, आणि तिचा विचार वेळीं करावा लागतो. म्हणून उपचारापूर्वींचीं आणि उपचारानंतरच्या पहिल्या तपासणीचीं चित्रें रोग्यानें जपून ठेवावींत व पुढें दर खेपेस बरोबर न्यावींत. गांव बदललें, डॉक्टर बदलले, तरी जुन्या चित्राशेजारीं नवें ठेवून पाहिलें म्हणजे तो डाग वाढला, आकसला कीं तसाच आहे, हें नव्या डॉक्टरांना लागलीच सांगतां येतें.